तिच्या शब्दाबाहेर न जाता

कन्यादानाच्या वेळी वधूचा पिता वराला बजावतो, की धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला डावलून वागू नकोस, आणि वर 'नातिचरामि' असे म्हणून तसे वचन देतो. माझ्या लग्नात भटजींनी सांगितल्याप्रमाणे मीही ते दिले. त्याचा अर्थ मला ठाऊक होता, पण ते पाळणे कधी अवघड जाईल असे वाटण्याचे काही कारण नव्हते. पत्नीला विचारून चालावे, तिच्यापासून काही लपवू नये, एवढेच तर ते मागत होते. पुढे माझ्या पत्नीला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार, असल्याचे निदान झाले, आणि तेव्हापासून आमच्या संसारातला सर्वांत कठीण प्रश्न त्या वचनापाशीच येऊन थांबतो. हा आजार नेमका त्या तिन्ही गोष्टींवर घाला घालतो. उन्मादाच्या, म्हणजे आजारातल्या अतिउत्साहाच्या, काळात माणसाची भक्ती बेभान होते, पैसा हातात टिकत नाही आणि शरीराच्या ओढीला मर्यादा राहत नाही. अशा वेळी पत्नीला वाचवायचे तर तिला डावलून निर्णय घ्यावा लागतो, आणि तो न घ्यावा तर ती स्वतःचे असे नुकसान करून बसते, की भानावर आल्यावर तिलाच ते पाहवत नाही.

हे लिहिण्यापूर्वी मी तिची परवानगी घेतली आहे. तिने मसुदा वाचला, काही प्रसंग काढायला सांगितले आणि मी ते काढले. वर उल्लेखलेल्या तिसऱ्या बाबीविषयी तिच्या इच्छेनुसार एवढेच लिहितो, की तेही आजाराचे लक्षण असते, चारित्र्याचे नव्हे, आणि त्याबद्दल नवरा-बायकोने डॉक्टरांशी न लाजता बोलावे. राहिलेल्या दोन बाबींविषयी, विशेषतः धर्माविषयी, सविस्तर लिहिण्यास तिची हरकत नाही. उलट ते लिहा असा तिचाच आग्रह आहे.

तिचे माहेर फलटण तालुक्यातले. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदहून तरडगावमार्गे फलटणला जाते, त्या वाटेपासून त्यांचे घर दूर नाही. वडील दिंडीत विणेकरी होते. आषाढात घरी उतरणाऱ्या वारकऱ्यांसाठी पिठले-भाकरी करण्यात आणि त्यांच्या पायांना तेल लावण्यात तिचे बालपण गेले, आणि लग्नाआधीच तिच्या गळ्यात तुळशीची माळ आली होती. माझे घर साताऱ्याचे, कुलदैवत पालीचा खंडोबा, आणि मी स्वतः सणावारापुरता देवासमोर उभा राहणारा माणूस. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी माझ्या पगाराची चौकशी केली नाही. एकादशीला मुलीच्या ताटात काय वाढणार, एवढेच विचारले. तो प्रश्न पुढे आमच्या आयुष्यात किती वेगळ्या अर्थाने उभा राहणार होता, हे तेव्हा आम्हां कोणालाच माहीत नव्हते.

आजार पहिल्यांदा उघड झाला तो मुलीच्या जन्मानंतर. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या आजाराच्या दृष्टीने फार नाजूक असतात आणि अनेक स्त्रियांना उन्मादाचा पहिला झटका याच काळात येतो, हे मला नंतर समजले. त्या वेळी घरात निरनिराळे शब्द ऐकू येत होते. कोणी सुवारोग म्हणाले, कोणी बाळंतवात, आणि कोणी आवाज खाली आणून 'बाहेरचे काही' असल्याचे सुचवले. ती मात्र विलक्षण आनंदात होती. तान्हे मूल असलेली बाई दमते. ही दमतच नव्हती. दोन-दोन तास झोपून ताजीतवानी उठत होती, एकाच वेळी चार कामे हातात घेत होती, आणि तिच्या बोलण्याचा वेग इतका वाढला होता की एक वाक्य पुरे होण्याआधी दुसरे सुरू होई. थोरल्या चुलत्यांनी खंडोबाचे जागरण घालण्याचा उपाय सुचवला. त्यामागे माया होती, याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्या रुग्णाची झोपच उडालेली आहे, तिला रात्रभर दिमडीच्या आणि तुणतुण्याच्या नादात बसवणे यापरता अपाय नव्हता.

आजाराचे स्वरूप थोडक्यात सांगतो. उन्मादाची अवस्था निदान आठवडाभर टिकते, नैराश्याची निदान दोन आठवडे, आणि उपचार नसतील तर दोन्ही अवस्था महिनोन्‌महिने चालू शकतात. मधल्या काळात बहुतेक माणसे आपापल्या मूळ स्वभावात, आपापल्या कामात असतात, आणि म्हणूनच नातेवाइकांना वाटते की हे सगळे ढोंग असावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी हा आजार झालेल्या प्रौढांचे प्रमाण शेकडा ०.५ इतके आढळले. म्हणजे हजार उंबऱ्यांच्या गावात असे घर एखादेच असेल, असे समजण्याचे कारण नाही.

आता त्या गोष्टीकडे वळतो, जिच्याबद्दल मला कोणीही, अगदी डॉक्टरांनीही, आधी सावध केले नव्हते. माझ्या पत्नीचा उन्माद नेहमी देवघरातून सुरू होतो. पहाटे तीनच्या सुमारास मला जाग येई ती भांड्यांच्या आवाजाने. समई, निरांजन, तांब्या, पळी, घंटा, सगळे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मांडलेले. ती पितांबरी आणि चिंचेच्या कोळाने एकेक भांडे घासत बसलेली. आणि तोंडाने अखंड नामस्मरण. पहिल्या रात्री हे पाहून कोणाचेही मन भरून येईल. दुसऱ्या रात्री तीच भांडी, आधीच लखलखीत असलेली, पुन्हा घासली जात. तिसऱ्या दिवशी ती सांगे, की तिला बोलावणे आले आहे, पंढरपुरी तिच्यावाचून काही अडले आहे, आणि घरातले सोने आता आपले राहिलेले नाही. एकदा तिने हातातल्या पाटल्या काढून एका दानपेटीत टाकल्या. एकदा मोबाइलवरून मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या रकमेतला मोठा हिस्सा निरनिराळ्या देवस्थानांना पाठवला. तिला अडवावे, तर मी देवाच्या आड येणारा नास्तिक ठरत होतो, आणि तिच्या माहेरची दोन-तीन वृद्ध माणसे तेव्हा तिच्या पायाही पडली होती.

वारकरी घरात वाढलेल्या बाईची भक्ती हे तिच्या व्यक्तिमत्त्वाचे हाड असते. ती भक्तीच आजार आहे असे मानले, तर माझ्या पत्नीतून तिलाच वजा केल्यासारखे होईल. आणि तिच्या तोंडून येणारे प्रत्येक देवाचे बोलणे भक्तीच आहे असे मानले, तर तिला आजाराच्या हवाली केल्यासारखे होईल. कित्येक वर्षे मी या दोन्हींच्या मध्ये चाचपडत होतो. सुशिक्षित मंडळी पहिल्या बाजूने बोलत आणि गावाकडची दुसऱ्या बाजूने, आणि दोघांनाही स्वतःविषयी पूर्ण खात्री असे.

याचे उत्तर अखेरीस तिनेच दिले. बरी असताना, संध्याकाळी वाती वळता वळता, ती अगदी सहज म्हणाली, "अहो, माझा विठोबा घाई करत नाही. तो विटेवर उभा आहे, त्याला कुठे जायचेय? मला ज्या दिवशी देवाची घाई वाटायला लागेल ना, त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना फोन करा." मला आजवर मिळालेल्या वैद्यकीय सल्ल्यांत याहून उपयोगी काही नाही. ती काय म्हणते याकडे न पाहता ती किती झोपली आणि किती उतावीळ झाली आहे, याकडे पाहायचे, हे मी तिथून शिकलो. शांतपणे सात तास झोपून उठलेली ती तासभर देवापुढे रडली, तरी मला काळजी वाटत नाही. दोन तास झोपून उठलेली ती केवळ हसऱ्या चेहऱ्याने रांगोळी काढत असली, तरी मी वेळेची नोंद ठेवतो.

नैराश्याची अवस्था याच्या अगदी उलट असते आणि माझ्या मते अधिक भयंकर. त्या काळात तिच्या तोंडून विठ्ठलाचे नाव निघत नाही. गळ्यातली माळ ती स्वतः काढते, हळदी-कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवते, आणि म्हणते, की आपण ती घालण्याच्या योग्यतेचे नाही. भेटायला येणारी माणसे अशा वेळी नामस्मरणाचा उपदेश करतात. मनापासून देवाचे नाव घेतले की मन प्रसन्न होते, असे जेव्हा एखादी सोज्वळ शेजारीण तिला सांगते, तेव्हा तिच्या कानांवर एवढेच पडते, की तुझे मन नाही म्हणून तू आजारी आहेस. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो: नाव सुटले म्हणून आजार आला नाही, आजार आला म्हणून नाव ओठांपर्यंत पोहोचेना. प्रारब्धाची भाषा तर मी घरात बोलूच देत नाही. मागच्या जन्मीच्या पापाचा विषय स्वतःला आधीच पापी समजणाऱ्या रुग्णापुढे काढणे हे क्रौर्य आहे, मग ते कितीही भाविकपणे केलेले असो. या अवस्थेत जिवाला धोका असतो, आणि मरणाचा विचार बोलून दाखवला गेला तर तो नाटकीपणा समजू नये. तातडीने डॉक्टरांकडे जावे, आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचे असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, त्यावर मराठीतूनही बोलता येते.

त्या दिवसांत देवापुढे दिवा मी लावतो. मी भाविक झालो म्हणून नव्हे. हरिपाठही मी पुस्तकात पाहून म्हणतो, माझे पाठ नाही आणि चालही नीट जमत नाही. पण तिच्या घरातले तिचे नित्यनेम तिला झेपत नसताना बंद पडू नयेत, असे मला वाटते. ती परत येईल तेव्हा तिला तिचे देवघर चालते सापडले पाहिजे. एकाने केलेल्या पूजेचे पुण्य दोघांत वाटले जाते, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि लग्नातल्या अनेक समजुतींपैकी ही मला सर्वांत जवळची वाटते.

तिच्या उपचाराचा कणा लिथियम हे औषध आहे. हे एक साधे नैसर्गिक क्षार. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावरील त्याचा उपयोग जगापुढे आणला आणि आजही ते या आजारावरच्या प्रमुख औषधांत मोडते. मात्र त्याची मात्रा फार काटेकोर सांभाळावी लागते. रक्तातले प्रमाण सामान्यतः ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर या पट्ट्यात ठेवतात, १.५ च्या वर गेले की विषबाधेची लक्षणे दिसू लागतात: हातांना जोराचा कंप, उलट्या, जुलाब, अडखळते बोलणे, झोकांड्या. तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते, त्यामुळे आदल्या रात्रीच्या गोळीची वेळ आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवतो. त्याखेरीज थायरॉइड आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात.

इथे तिच्या वडिलांचा एकादशीच्या ताटाचा प्रश्न पुन्हा आला. शरीरातले पाणी किंवा मीठ एकाएकी कमी झाले, की मूत्रपिंडे लिथियम बाहेर टाकेनाशी होतात आणि रक्तातले प्रमाण वाढते. माझी पत्नी आषाढी आणि कार्तिकी निर्जळी करत असे, श्रावणात अळणी उपवास करत असे. डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला सांगितले, तेव्हा तिने औषधच बंद करण्याची तयारी दाखवली. तिच्या दृष्टीने हा हट्ट नव्हता. वडिलांच्या हातून आलेले व्रत आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी यांत निवड करायला सांगितल्यावर कोणती लेक गोळी निवडेल? मी वाद घातला नाही. ज्यांच्याकडून तिने माळ घेतली होती, त्या वयोवृद्ध कीर्तनकार बुवांकडे तिला घेऊन गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे धर्मशास्त्र सांगते, त्यांचा संस्कृत श्लोक म्हणून दाखवला. त्या आठांत पाणी आहे, दूध आहे, फळे आहेत, गुरूचे वचन आहे आणि औषधही आहे. मग ते तिला म्हणाले, "पोरी, पाणी चालतं, औषध चालतं, आणि मी सांगतोय म्हणून मीठही चालतं. अजून काय पाहिजे?" तेव्हापासून ती एकादशीला मीठ घातलेली साबुदाण्याची खिचडी खाते, दिवसभर पाणी पिते, आणि तिचा उपवास तिच्या लेखी पूर्ण होतो. डॉक्टरांना जे माझ्याकरवी साधले नव्हते, ते बुवांनी एका बैठकीत साधले. मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णाचा गुरू कोण आहे याची चौकशी पहिल्याच भेटीत करावी, असे माझे मत त्या दिवसापासून आहे.

लिथियमने तिच्या बोटांना बारीक कंप आला आणि भजनी मंडळात टाळ धरणे तिला अवघड होऊ लागले. ऐकणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल, पण टाळाची दोरी बोटांत धरून ठेका देताना कडा एकमेकींवर नुसत्या किणकिणू लागल्या, की तिला सगळ्यांसमोर आपला आजार वाजतो आहे असे वाटे. तिने जाणे सोडले होते. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी मात्रा आणि वेळ यांत बदल केला आणि कंप पुष्कळ कमी झाला. औषधाचा त्रास होतो म्हणून औषध सोडून देणारे रुग्ण असंख्य असतात, आणि ते का सोडले हे त्यांना नीट विचारणारी माणसे फार थोडी असतात.

झोपेचे वेळापत्रक हा आमच्या घरचा दुसरा नेम. मंडळाचे भजन रात्री नऊला आटोपते की ती उठते, मग गवळण अर्धी का राहीना. एकादशीचा रात्रभराचा जागर तिने सोडला. कार्तिकातल्या काकड आरतीसाठी मात्र ती पहाटे उठते, आणि त्यासाठी महिनाभर रात्री साडेआठला अंथरूण गाठते. मुलीच्या लग्नानंतर खंडोबाचे जागरण घालणे भागच होते, तेव्हा वाघ्या-मुरळींना मी आधी भेटून परिस्थिती सांगितली. त्यांनी दुपारी सुरुवात करून रात्री दहाच्या आत लंगर तोडून जागरण पुरे केले, आणि त्यात काही कमी झाले असे एकाही थोरल्या माणसाने म्हटले नाही.

माझ्या बाजूच्या नातेवाइकांनी एके काळी घटस्फोटाचा विषय काढला होता. वेडाच्या कारणावरून कोर्टात लगेच मोकळे होता येते, असा त्यांचा समज होता, आणि तो पुष्कळांचा असतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मानसिक आजार हे घटस्फोटाचे एक कारण आहे हे खरे. पण तो आजार इतक्या तीव्र स्वरूपाचा हवा, की जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षाच रास्त ठरू नये. केवळ निदानाचा कागद पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्किझोफ्रेनियाच्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे. मी सोडून गेलो नाही याबद्दल लोक माझी स्तुती करतात, तेव्हा मला फार अवघडल्यासारखे होते. आजारी नवऱ्याजवळ राहिलेल्या बायका आमच्या गल्लीतही आहेत, आणि त्यांना कोणी शाबासकी दिल्याचे मी ऐकलेले नाही. ज्यांना मारझोडीमुळे किंवा असह्य हालांमुळे बाहेर पडावे लागले, त्यांच्यावर बोट ठेवण्याचा अधिकारही मला नाही.

एका दूरच्या आप्ताने तिला एका जागृत ठिकाणी महिनाभर 'ठेवण्याचा' सल्ला दिला होता. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले, एवढेच मी त्यांना सांगितले. तीही एका श्रद्धास्थानाच्या आसऱ्याला आणलेली माणसे होती. महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा गुन्हा ठरला आहे. देवाच्या दारी जाण्यास माझा विरोध नाही, आम्ही जातोच. पण औषधाची पिशवी बरोबर घेऊन जातो आणि रात्री घरी परततो.

तरीही रुग्णालयाची वेळ आली. ती नको म्हणत असताना तिला दाखल करण्याच्या अर्जावर मी सही केली, आणि ज्या वचनाने या लेखाची सुरुवात केली, ते त्या टेबलावर माझ्यासमोर उभे होते. डॉक्टर म्हणाले की दुसरा मार्ग नाही, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच होते. पण तिला डावलून वागणार नाही असे म्हटलेला माणूस मीच होतो, आणि सुरक्षेसाठी म्हणून परिचारिकेने तिच्या गळ्यातली माळ काढून कागदाच्या पाकिटात माझ्या हाती दिली, तेव्हा ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, तिच्यापुढे कुठलेही वैद्यकीय समर्थन टिकणारे नव्हते.

यातून वाट सापडली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे. या कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. पुढे कधी आजारामुळे उपचारांविषयी निर्णय घेण्याची क्षमता उरली नाही, तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने बोलणारा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण असावा, हे त्यात लिहिता येते. क्षमता असेपर्यंत तो केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतो. तातडीच्या उपचारांना तो आड येत नाही, आणि वाद झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येते.

आम्ही तो एकत्र बसून लिहिला, म्हणजे तिने सांगितला आणि मी उतरवून घेतला. प्रतिनिधी म्हणून तिने माझे नाव घातले, पण त्याआधी बराच वेळ विचार केला आणि मुलीचे नाव दुसरे म्हणून लिहायला लावले. त्यात तिने लिहिले आहे, की सलग दोन रात्री झोप झाली नाही, तर मी नको म्हणत असले तरी डॉक्टरांना कळवावे. अशा वेळी माझ्या मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय बंद करावी, पण पाकिटातले रोख पैसे काढून घेऊ नयेत, कारण रिकामे पाकीट मला सहन होत नाही. लॉकर दोघांच्या सहीने उघडावा. कोणत्याही देवऋषीला घरी बोलावू नये, अंगारा लावू नये. मी उदास असेन तेव्हा मला नाम घ्यायला कोणी सांगू नये. रुग्णालयात माळ काढावी लागली, तर ती माझ्या डोळ्यांदेखत नवऱ्याच्या हातात द्यावी आणि घरी देवापुढे ठेवावी, पाकिटात ठेवू नये.

यातले प्रत्येक वाक्य तिचे आहे. त्यानंतरच्या आजारपणात मी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा ती माझ्यावर ओरडली, शेजाऱ्यांना हाका मारल्या, मला वैरी म्हणाली. ते ऐकताना होणारे दुःख कमी झालेले नाही, आणि ते कधी कमी होईल असेही मला वाटत नाही. फरक इतकाच पडला, की मी तिच्या आजच्या इच्छेविरुद्ध आणि तिच्या लिहिलेल्या शब्दाप्रमाणे वागत होतो, आणि दोघींपैकी कोणाशी माझे लग्न झाले आहे असा भ्रम मला आता होत नाही. बरी झाल्यावर तिने तो कागद मागवून घेतला, चष्मा लावून वाचला, आणि फोन करायला मी एक दिवस उशीर केला की काय, याची तारखा काढून चौकशी केली.

यंदा तिला वारीत चालायचे आहे. सगळी वाट नव्हे. लोणंद ते तरडगाव आणि तरडगाव ते फलटण, म्हणजे माहेरच्या वाटेवरचे दोन टप्पे, चांदोबाचा लिंब येथील उभ्या रिंगणासह. डॉक्टरांनी काही अटींवर होकार दिला आहे. आधी रक्ततपासणी करायची, मिठाचे पाणी सोबत ठेवायचे, उलट्या-जुलाब झाल्यास गोळी थांबवून लगेच फोन करायचा, गुडघे दुखले तरी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचे नाही, कारण त्यांनीही लिथियमचे प्रमाण वाढते, आणि रात्री तंबूऐवजी नातेवाइकांच्या घरी झोपायचे. दिंडीप्रमुखांना तिने स्वतः सर्व सांगितले. त्यांनी तिला पाणी वाटणाऱ्या मंडळींजवळची जागा देऊ केली आहे. मीही बरोबर असणार आहे. त्यासाठी तिने आगाऊ निर्देशात या महिन्यात एक कलम वाढवले, की प्रवासात गोळी घेतली का, हे नवऱ्याने रात्री एकदाच विचारावे, दुसऱ्यांदा विचारू नये. 'एकदाच' या शब्दाखाली तिने रेघ मारली आहे, आणि प्रतिनिधी म्हणून मी त्याखाली सही केली आहे.